तीन वेळा ‘मिळून आला नाही’

“हवालदारसाहेब, ‘मिळून आला नाही’ म्हणजे काय?”

मंगलाताईंनी निकालाची नक्कल माझ्या टेबलावर ठेवली. एका ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली होती. मी ती वाचली आणि चष्मा पुसायला घेतला. ओळ माझीच होती.

मी तेव्हा उल्हासनगर भागातल्या एका पोलीस ठाण्यात कोर्ट पैरवीचं काम बघत होतो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, चूक माझी आहे, ठाण्याची नाही. पैरवी म्हणजे ठाणं आणि कोर्ट यांच्यामधली ये-जा, टेबल दोन्हीकडे. साक्षीदाराला बोलावणारा कोर्टाचा कागद म्हणजे समन्स. तो साक्षीदाराच्या हातात देऊन सही घ्यायची. माणूस सापडला नाही तर मागच्या बाजूला रिपोर्ट लिहायचा, सदर इसम नमूद पत्त्यावर मिळून आला नाही.

मंगलाताईंचा मुलगा प्रशांत जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर होता. कारखान्याबाहेर दोघं जण एका हमालाला मारत होते. हा सोडवायला गेला आणि चाकू याला लागला, त्यातच तो गेला. पाहणारे बरेच होते. साक्ष द्यायला तयार झाला एकच, टेम्पो चालवणारा दशरथ भोईर. राहायला बदलापूरला, मांजर्लीत.

पहिलं समन्स घेऊन मी खरंच गेलो होतो. २००५ च्या जुलैचा पूर ओसरून महिना झाला असेल. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ होती, दाराला कुलूप. तसा रिपोर्ट लिहिला. तो खोटा नव्हता.

दुसरं समन्स आलं त्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेब घाईत होते.

“पैरवी, पेंडिंग काय आहे?”

“समन्स आहेत, सर. एक बदलापूरचं. जाऊन यावं लागेल.”

“तो पूरवाला ना? कुलूपच असणार. आजच्या आज क्लिअर करा, उद्या मला वर दाखवायचंय.”

मी जुना रिपोर्ट समोर ठेवला आणि टेबलावरच नवा लिहिला. तिसऱ्या वेळी तर कोणी घाईही केली नव्हती. आमच्यात याला खोटं लिहिणं म्हणत नसत, निकाली काढणं म्हणत. साक्षीदाराविना केस उभी राहिली नाही. दोघं निर्दोष सुटले.

आणि आता ताई समोर बसल्या होत्या.

“म्हणजे साक्षीदार पत्त्यावर सापडला नाही,” मी म्हणालो.

“दशरथ? तो पुरापासून तिथेच बदलापुरात, खरवईला मेव्हण्याकडे राहतो. प्रशांतच्या पुण्यतिथीला, पुण्यानुमोदनाला दरवर्षी येतो, विहारात खीर तोच वाढतो. तोसुद्धा समन्सची वाट बघत होता. मला विचारलं असतं तर हाताला धरून आणला असता. मी प्रत्येक तारखेला कोर्टाबाहेर बाकावर असायचे. दिसायचे ना तुम्हाला?”

“दिसायचात.”

“मग?”

“केस सरकारची असते, ताई. घरच्यांना विचारायची पद्धत नाही.”

“मुलगा माझा आणि केस सरकारची?”

मी नक्कल उचलून त्यांच्या बाजूला सरकवली.

“समन्स घेऊन कोण गेलं होतं?”

“रेकॉर्ड बघावं लागेल,” मी म्हणालो.

ताई अंबरनाथला एका शाळेत शिपाई होत्या. त्यांनी अर्ज करायला सुरुवात केली. आमदार, मंत्री, दिल्ली, कोणी सोडलं नाही. मागण्या दोन. प्रत्येक तारीख मयताच्या घरच्यांना कळवा. आणि साक्षीदार मिळत नसेल तर आधी त्यांना विचारा. पुढे तिसरी आली, आरोपी सुटला तर आम्हालाही अपील करू द्या. मसुदे तपासायला त्या माझ्याकडे यायच्या. “तुम्हाला त्यांची भाषा येते,” म्हणायच्या. मी रिटायर झाल्यावर मीच त्यांच्या घरी जाऊ लागलो.

उल्हासनगर कॅम्पातल्या झेरॉक्सवाल्या सिंधी शेठने एकदा टोमणा मारला, “हवालदारसाब, सर्विस में इतना लिखते तो डीएसपी बन जाते!” ताई हसल्या. सर्व्हिसमध्ये मी नको तेवढं लिहून ठेवलं होतं, हे त्या दोघांना कुठून ठाऊक असणार?

मी हे पश्चात्तापाने करत होतो, की ताईंना काय कळलंय यावर नजर ठेवायला? मला खरंच सांगता येत नाही. कधी वाटायचं, त्यांना सगळं माहीत आहे. कधी वाटायचं, माहीत असतं तर चहा दिला असता का?

दशक संपता संपता कायदा बदलला. सुटकेविरुद्ध घरच्यांना अपील करता येऊ लागलं. ताईंसारखे किती जण अर्ज करत होते, कोणाच्या अर्जाने काय झालं, देव जाणे. वकील म्हणाले, तुमचा निकाल आधीचा, तुम्हाला लागू नाही.

“पुढच्यांना झाला ना,” म्हणत ताई नव्या कायद्याच्या पत्रकांना पिना मारत बसल्या. मला ते बघवेना.

“ताई, ते तिन्ही रिपोर्ट माझे. शेवटच्या दोन वेळा मी गेलोच नव्हतो.”

स्टेपलर थांबला. त्या उठून आत गेल्या. मी निघावं की बसावं, कळेना. मग त्या कोरा कागद घेऊन आल्या.

“लिहून द्या. रिपोर्ट लिहायचात तसंच. पोलिसातला बक्कल नंबर घाला.”

मी लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि घडी घालून फायलीत ठेवलं.

“शनिवारी या.”

शनिवारी विहारात त्यांच्याकडे अशी घरं जमायची, कोणाचा मुलगा गेलेला, कोणाची मुलगी. ताईंनी माझा कागद मोठ्याने वाचला, नावासकट, नंबरासकट. मी पुढच्याच चटईवर होतो. एक म्हातारे उठून उभे राहिले.

“याला इथे कशाला बसवलाय?”

“बसू द्या, काका,” ताई म्हणाल्या. “समन्स टेबलावरून परत कसं जातं ते शिकून घ्या. यांना येतं.”

मी शिकवलं. अजूनही शनिवारी जातो. ही माफी आहे की शिक्षा, ते ताईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांसाठी एवढंच. दाराला कुलूप दिसलं तर शेजारी विचारावं. शेजारी नसले तर कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलेल्या आईला विचारावं. कोर्टातल्या माझ्या टेबलापासून तो बाक दहा पावलांवर होता.