झेंडूच्या पाकळ्या कुठे पडतात

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. आता टाळायलाही फार वर्षं उरलेली नाहीत.

सिंगापूरला, सेंगकांग भागातल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, दहाव्या मजल्यावर, मी रोज पूजा करतो. निर्माल्य कचऱ्यात टाकायला मन धजेना, आणि खिडकीच्या बरोबर खाली एक झाड होतं. इथे खिडकीतून काही टाकणं गुन्हा, हे ठाऊक होतं. पण झाडाच्या बुंध्याशी मूठभर पाकळ्या म्हणजे काही कचरा नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. सून ऑफिसला गेली की मूठ उघडायची.

सहाव्या मजल्यावर, चार घरं डावीकडे, एक चिनी आजी राहायची. तिच्या खिडकीबाहेर आडव्या काढलेल्या बांबूवर वाळणाऱ्या पांढऱ्या चादरींवर झेंडूचे डाग पडू लागले. तिने मला लिफ्टपाशी गाठून इंजिनियर म्हणून मत विचारलं. माझा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेला. ऐटीत सांगितलं, वस्तू सरळ खाली पडते, तेव्हा तुमच्या डोक्यावर कोण राहतं ते बघा.

तिच्या वर, आठव्या मजल्यावर, एक तमिळ बाई होती. तीही पूजा करायची. आजीने तिच्याशी बोलणं टाकलं आणि तिची कीर्ती मजल्यामजल्यावर पोचवली.

महिन्याभराने नातीला शाळेने प्रयोग दिला. खुर्चीवर उभं राहून तिने नाणं सोडलं, ते टणकन खाली. कागद मात्र पंख्याच्या वाऱ्यावर डुलत सोफ्याखाली गेला. चुरगळून गोळा केल्यावर तोच कागद सरळ पडला. मला हुरूप आला, मी देव्हाऱ्यातली पाकळी दिली. ती थेट दारापाशी जाऊन बसली.

"आजोबा, हलकी आणि पसरट आहे ना, हवा तिला अडवते," नात म्हणाली. "मग वारा नेईल तिकडे जाणार, लाह." वाक्याला "लाह" जोडायची ही तिची इथली सवय.

हवेचा अडथळा मला शिकवायची गरज नव्हती. माझ्या मुठीतल्या फुलांनाही तो लागू आहे, एवढंच सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून निर्माल्य कुंडीत जाऊ लागलं. पण ती तमिळ बाई लिफ्टमध्ये भेटली की "अंकल, जेवलात का?" विचारायची, आणि मी उकाड्याबद्दल बोलत आठवा मजला येऊ द्यायचो. अशी दोन वर्षं गेली. मग एक दिवस तिचं सामान ट्रकमध्ये चढताना दिसलं. मी धावत खाली गेलो.

"अंकल, ती फुलं माझी नव्हती," तीच आधी म्हणाली.

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

कोणीतरी विश्वास ठेवला म्हणून तिचे डोळे भरून आले. तिने चक्क माझे आभार मानले. ट्रक निघाला. घोकून ठेवलेलं पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं: बाई, ती मी टाकत होतो, मला क्षमा करा.