तात्या गर्दी बघायचे

सिनेमाची गोष्ट मी आठवड्यात विसरतो. शेजारी कोण बसलं होतं आणि काय बोललं, ते मात्र डोक्यातून जात नाही. कळंबला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात तिथं मी कलर टीव्ही आणून ठेवला आणि असल्या आठवणी साचतच गेल्या.

सिनेमांची वही सुरू झाली ती हणमंतामुळं. हणमंता माझा शाळेपासूनचा दोस्त, उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. एकदा दोघं मोटरसायकलवर बारामतीला सिनेमाला गेलो. इंटरव्हलपर्यंत मजेत चाललं होतं. मग हिरोची आई जिन्यावरून पडली, तसा हणमंता म्हणाला, "ही बाई मागं बी हितंच पडली हुती."

आम्ही तोच सिनेमा दुसऱ्यांदा बघत होतो! त्या दिवशी मी वही सुरू केली. सिनेमाचं नाव, बरोबर कोण, आणि शेवटी एका ओळीत मत.

हणमंताचं मत मी त्याच्याच शब्दांत लिहायचो. एका उन्हाळ्यात त्याची विहीर आटली. बायको लांबून डोक्यावर पाणी आणायची. नेमका तेव्हाच इंदापूरला एक सिनेमा बघितला. त्यात हिरो-हिरॉइन अख्खं गाणं पावसात भिजत होते. थेटरात शिट्ट्या चाललेल्या, आणि हा गप्प. बाहेर आल्यावर मी मत विचारलं.

"लिही," तो म्हणाला, "पाणी चांगलं हुतं."

पुढं टीव्हीवर खऱ्या गुन्ह्यांची सिरियल लागली. दर आठवड्याला एक घडलेली केस, नट घेऊन केलेली. ती बघायला तात्या यायला लागले. तात्या म्हणजे रिटायर हवालदार. उभी नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात केली, बायको वारल्यावर गावी येऊन माझ्या दुकानामागं एकटेच राहत होते. सिरियलमधला इन्स्पेक्टर कुणालाही धडाधड आत टाकायचा. तात्या शांतपणे म्हणायचे, "ह्याला वरनं कुणाचा फोन येत न्हाय वाटतं."

एकदा सासरी जळालेल्या सुनेची केस दाखवली. माझी बायको मंगल दारात उभी राहून बघत होती. तिचं माहेर वडगाव निंबाळकरचं. तिथली तिची मैत्रीण अशीच गेली होती; कागदावर लिहिलं होतं, स्टोव्हचा भडका.

"स्टोव्हला बरी नेमकी सूनच वळखू येती," मंगल म्हणाली.

तात्या टीव्हीकडंच बघत राहिले. नजर न वळवता म्हणाले, "पोरी, असले पंचनामे म्या लिवल्यात."

मंगलनं त्या दिवशी त्यांना चहा दिला नाही. वहीत मताची जागा मी कोरी ठेवली. पुढच्या आठवड्यात तात्या आले नाहीत. त्याच्या पुढच्या आठवड्यात मंगलच जाऊन त्यांना घेऊन आली. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही.

तात्यांचं सिनेमाच्या गोष्टीकडं लक्ष नसतं, हे मला पळसदेवच्या जत्रेत कळलं. तंबूत सिनेमा लागला होता. पडद्यावर हिरॉइन मरायला टेकली, बाया डोळे पुसायला लागल्या, तरी हे इकडंतिकडं बघत होते. मग बाजाराचा सीन आला आणि तात्या उठून उभेच राहिले. मागची माणसं ओरडायला लागली. हणमंतानं हात धरून खाली बसवलं आणि काय झालं म्हणून विचारलं.

"काय न्हाय," ते म्हणाले. "गर्दी नीट बघू दिली न्हाय त्यांनी."

परत येताना त्यांनी सगळं सांगितलं. एकुलता एक पोरगा, सुरेश. सिनेमात जायचं म्हणून नोकरीच्या गावाहूनच मुंबईला पळाला. कुणाकडून तरी निरोप आला, की पोटापुरतं गर्दीत उभं राहायचं काम मिळतंय. त्यानंतर काहीच नाही. ज्या ठाण्यात नोकरी केली, तिथंच बाकावर बसून तात्यांनी पोरगा हरवल्याची तक्रार दिली. ठाण्यातल्यांनी समजूत घातली, येईल की परत.

"म्या बी समद्यांना हेच सांगायचो," तात्या म्हणाले.

आम्ही कुणी सुरेशला पाहिलेलं नव्हतं. पण तिथून पुढं आम्हीसुद्धा वराती बघायला लागलो, दंगली बघायला लागलो, कोर्टातले मागचे बाक बघायला लागलो. सिनेमा संपला की हणमंता तात्यांकडं बघायचा. तात्या मान हलवायचे. मत विचारायची मला लाज वाटायची.

सिरियल चालूच होती. एका भागात रेल्वेच्या रुळाकडेला बेवारस प्रेत सापडतं. हवालदारानं तोंडावरची चादर बाजूला केली, चेहरा दिसला. तात्या उठले, टीव्हीपाशी गेले आणि काचेवर हात ठेवला.

"सुरेश हाय."

हणमंता पुढं झाला, त्यांच्या खांद्याला धरून समजावायला लागला.

"तात्या, नट हाय त्यो. खोटं प्रेत हाय."

तात्यांनी मागं बघितलं नाही. पडद्यावर इन्स्पेक्टर बोलत होता आणि त्याच्या पायाशी प्रेत पडलं होतं. तात्यांनी बोट प्रेताच्या छातीवर नेलं.

"व्हय," ते म्हणाले. "बघ की, श्वास चाललाय त्याचा."