कुलूपकाकांची एक चूक

पदनाम : कनिष्ठ ग्रंथालय सहायक, मुक्त प्रवेश कक्ष. सेवा : सव्वीस वर्षे, पैकी या कक्षात अकरा. कामाचे स्वरूप : विद्यापीठातील संशोधकांचे लेख सर्व वाचकांना विनामूल्य खुले करून देणे. खुले केलेले लेख : चार हजार एकशे बारा. विशेष शेरा : नियमपालन काटेकोर.

विद्यार्थी त्यांना कुलूपकाका म्हणत. संगणकावर एखाद्या लेखापुढे कुलपाचं चित्र दिसलं की पोरं तळमजल्यावरच्या त्यांच्या बिनखिडकीच्या खोलीत येत. मग काका चहाचा कप खाली ठेवून तेच पुराण लावत.

"तीन वाटा आहेत. मासिकाला शुल्क भरा, लेख पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खुला. किंवा कुणाकडूनच काही न घेणारं मासिक शोधा. असतात, पण देवमाणसांइतकीच. नाहीतर मासिकाने घातलेली मुदत संपेपर्यंत थांबा, मग तुमची स्वीकृत प्रत मी आपल्या संग्रहात चढवतो. म्हणजे परीक्षकांनी मान्य केलेली, तुम्ही स्वतः टाइप केलेली. मासिकाने सजवलेली छापील नव्हे! लेकरू तुमचं, पण अंगावरचे कपडे त्यांचे."

शेवटचं वाक्य भिंतीवरही चिकटवलेलं होतं.

त्यांची मुलगी विहिरींच्या पाण्यावर संशोधन करायची. नऊ गावांतल्या बायकांनी तिला बाटल्या भरून दिल्या होत्या आणि बजावलं होतं, "काय निघालं ते आम्हालाही कळू दे गं बाई." लेख नावाजलेल्या मासिकात आला. शुल्क झेपणारं नव्हतं, म्हणून तिसरी वाट. मुदत दोन वर्षं. तिने स्वीकृत प्रत वडिलांकडे पाठवली.

"बाबा, समासात माझे शेरे आहेत, ते पुसून चढवा. आणि तारीख विसरू नका."

"कुलूपकाकांना तारीख शिकवतेस?"

मुदतीच्या नवव्या महिन्यात ती वारली. ताप तीनच दिवसांचा होता.

तारीख ते विसरले नाहीत. त्या सकाळी फाइल उघडली. समासात तेवीस शेरे. 'हा आकडा पुन्हा मोजणे.' 'हे आईला वाचून दाखवणे, तिला कळलं नाही तर बदलणे.'

शेजारच्या टेबलावरची टंकलेखिका म्हणाली, "काका, शेऱ्यांसकट एक प्रत बाजूला ठेवा की."

"ठेवलीय."

"मग मी पुसू का?"

"नको."

दुपारी चारपर्यंत एकही शेरा पुसला गेला नाही. सव्वाचारला त्यांनी मासिकाची छापील प्रत चढवली, तिच्यात शेरे नव्हते, आणि ते घरी गेले. जी चूक करू नका म्हणून अकरा वर्षं घसा कोरडा केला, तीच.

आठवड्याभरात मासिकाची नोटीस आली आणि लेख उतरवला गेला. त्या दिवशी त्यांनी तेवीसच्या तेवीस शेरे एका बैठकीत पुसले आणि फाइल ग्रंथपालबाईंसमोर ठेवली.

बाई बराच वेळ टाचणीशी खेळत राहिल्या. "काका, एकदा उतरवलेला लेख पुन्हा चढवायला लेखकाची स्वतःची सही लागते. वारसाची चालत नाही. आपल्या कक्षाच्या नियमावलीतलं कलम सात."

"ते मीच लिहिलंय, बाई."

एका प्राध्यापकाच्या मेव्हण्याने परस्पर लेख चढवून गोंधळ घातला होता, तेव्हाचं ते कलम. मसुद्यात वारसाला सवलत होती. 'पळवाट' असा शेरा मारून ती काकांनीच खोडली होती.

घरी बायको वाट पाहत होती. "उघडला का हो? त्या बायकांचे दोन फोन येऊन गेले. काय सांगू त्यांना?"

"अजून नाही."

"अख्ख्या विद्यापीठाची कुलपं काढता, आणि पोरीचं एक निघत नाही?"

ते हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

निवृत्तीच्या समारंभात पदनामापासून विशेष शेऱ्यापर्यंतचा वरचा मजकूर वाचून दाखवला गेला, टाळ्या झाल्या. चार हजार एकशे बारा हा आकडा बरोबर आहे. मुलीचा लेख त्यात नाही.