बुडत्या गावातले रविवार

किस्से कोणी ठरवून जमवत नाही, माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात. आमच्या आदिलाबादच्या घरातले निम्मे किस्से मात्र एकाच डब्यातून निघाले. आंध्र प्रदेश एकच होता तेव्हाची गोष्ट. माझे मिस्टर नोकरीला बाहेरगावी असायचे, घरातला दीर सतीश शाळामास्तर. ट्रेनिंगला हैदराबादला गेला आणि येताना एक बोर्ड गेम घेऊन आला. पटावर नदीकाठचं गाव, दर खेपेला पाणी चढतं, सगळ्यांनी मिळून टेकडी गाठायची. एक जरी मागे राहिला तरी सगळे हरले.

"मंग हरवायचं कोणाले?" आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी विचारलं.

"पाण्याले," सतीश म्हणाला.

आप्पा तहसीलमधून रिटायर झालेले. "पाणी वाढवाले मंजुरी कोणाची घेतली?" म्हणाले आणि चष्मा लावून खेळायला बसले.

*

घरातली खरी अडचण वेगळीच होती. सतीशची बायको स्रवंती करीमनगरची, तेलुगू. लग्न दोघांनी आपसांत ठरवलेलं. आप्पा तिच्याशी भांडले नाहीत, पण बोललेही नाहीत. बाजारातून तिच्या आवडीची सीताफळं आणायचे आणि माझ्या हातात द्यायचे. "तिले सांग, पिकले आहेत." आणि ती समोरच उभी!

"दोन वर्षं झाली, अक्का," ती एकदा मला म्हणाली, "एकदा तरी मला हाक मारतील का?" मला फार वाईट वाटलं. खेळ मांडला तेव्हा लोकांना टेकडीवर नेणारी होडी मी तिच्याकडे दिली.

*

पहिला डाव आप्पांमुळे गेला. जन्मभर रमी खेळलेला माणूस, या खेळातले मदतीचे पत्तेही छातीशी धरून बसले. गाव बुडाल्यावर कळलं, आम्ही शोधत होतो तो दोराचा पत्ता त्यांच्याच हातात होता.

"सांगितलं काऊन नाही?" सतीश वैतागला.

"आपले पत्ते कोणाले दाखवत असतात काय?"

*

पुढचे तीन रविवार सासूबाईंमुळे गेले. टेकडीवर जायची पाळी आली की म्हणायच्या, "आधी तुमी सारे जा, मी मागून येते." जेवायलाही त्या अशाच शेवटी बसायच्या. तीनदा बुडाल्या. मग सतीशने नियमच करून टाकला, सगळ्यांत आधी आई. टेकडीवर पोचल्यावर त्या म्हणाल्या, "आता इथं रिकामी बसून मी करू काय?"

आम्ही हसलो खरे, पण मला लाजही वाटली. तेव्हापासून त्या आमच्याच पंगतीला बसतात.

*

सासूबाईंचे भाऊ तलमडुगूला शेती करायचे. कापूस विकायला आले की घरी डोकावायचे. एकदा त्यांनी पट नीट निरखला.

"गाव इतकं नदीजवळ काऊन बसवलं?"

"खेळ आहे, मामा," सतीश म्हणाला. "पाणी आलं की लोकं टेकडीवर न्यायचे."

मामांनी सगळी माणसं एकेक करून उचलली, टेकडीवर ठेवली आणि उठले. "पावसाळ्याच्या अगोदर कामं करत जा बाबू."

*

टेकडीवर पोचलेल्याने तोंड उघडायचं नाही, असा त्या खेळाचा एक नियम होता; सासूबाई टेकडीवरून बोलल्यापासून सतीश तो कडक पाळायला लावायचा. एका रविवारी सासूबाई पोचल्या, मी पोचले, सतीश पोचला. गावात दोघंच उरले. शाळेच्या छपरावर आप्पा आणि होडीत स्रवंती. छपरावरच्याने बोलावल्याशिवाय होडी हलवता येत नाही. सतीशने वाळूचं घड्याळ उलटं केलं.

आप्पा माझ्याकडे वळले. "तिले सांग, होडी आण म्हणा."

मी तोंडाला पदर लावला. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या बांगड्या सारख्या करू लागल्या. सतीश छताकडे बघत बसला. अर्धी वाळू सरली. स्रवंतीचं बोट होडीवर होतं, मान खाली. डाव गेला खड्ड्यात, हे तेवढं एकदा होऊ दे, असं मला झालं होतं.

"स्रवंती," आप्पा म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाले, "स्रवंती, होडी आण. मले घेऊन जा."

तिने होडी सरकवली. दोन घरं उरली असताना वाळू संपली. गाव बुडालं आणि आम्ही सगळे हरलो.

स्रवंतीने मान वर केली.

"आप्पा, इतका उशीर काऊन लावला तुमी?"

आप्पांनी होडी उचलून तिच्या हातात दिली.

"चुकलं माझं, बेटा," ते म्हणाले. "मांड पुन्हा."