अण्णाचा बिझनेस क्लास

चहा थोडा जास्तच ओता, कारण हा किस्सा अर्ध्यावर सोडता येत नाही. असा घोळ घालून ठेवलाय मी, की विषय निघाला की माझी बायको शैला अजूनही चारचौघांतून उठून आत जाते. तुम्हाला हसू आलं तर खुशाल हसा. मीही हसतो अधूनमधून, नाही असं नाही.

तर अण्णा. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, वसंत. आम्ही मूळचे बेळगावचे. मी इथे बंगळूरला विमानाच्या सरकारी कारखान्यात चिकटलो आणि तिथेच म्हातारा झालो. अण्णा इंग्लंडला गेला तो तिकडचाच झाला. उंचीला सहा फुटांच्या वर, त्यात निम्मे पायच. दर वेळी आला की विमानतळाच्या दारातून लंगडत बाहेर पडायचा. प्रवासभर गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, पावलं सुजून बुटात मावत नाहीत, आणि मला बघून पहिलं वाक्य ठरलेलं, "मध्या, तुमच्या कारखान्यात विमानं बनवतात की खुराडी?"

मी सांगायचो, बाबा रे, मी आयुष्यभर नुसते बोल्ट तपासले, खुर्च्या माझ्या हातात नाहीत. मग टॅक्सीत बसून पाय चोळत म्हणायचा, "एकदा तरी पुढे बसून, पाय पसरून येणार आहे मी बंगळूरला. बघच तू."

आला नाही. ऐपत होती हो. पण नुसते पाय पसरायला एवढे पैसे मोजणं त्याच्या जिवावर यायचं. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी करत राहिला आणि मग पुढची वेळ संपली.

वहिनींचा फोन आला तेव्हा त्याचं खाणंपिणं सुटत आलं होतं. फक्त थालीपीठ हवं म्हणतोय, म्हणाल्या. शैलानं त्याच दिवशी भाजणी भाजली, दळून आणली आणि माझ्या डब्यात भरली.

आता या डब्यांचं सांगायलाच हवं, सगळी फजिती त्यांच्यातच आहे. आमची दोघांची मुंज एकाच मांडवात झाली. तेव्हा मामानं आम्हाला दोन मोठे कडीचे डबे दिले, स्टीलचे, अगदी सारखे. झाकणांवर नावं घालून आणलेली, एकावर 'चि. वसंत', दुसऱ्यावर 'चि. मधुकर'. अण्णाचा डबा त्याच्याबरोबर इंग्लंडला गेला, माझा बंगळूरला राहिला. आता भाजणी भरलेला माझा डबा घेऊन मी अण्णाकडे निघालो. मागच्या रांगेत, खुराड्यात.

पोचलो त्या दिवशी वहिनींनी एवढंसं थालीपीठ लावलं. अण्णाला घास गिळता आला नाही. तुकडा नाकाशी धरून मात्र कितीतरी वेळ पडून होता. त्याच आठवड्यात गेला.

तिकडची स्मशानं फार स्वच्छ असतात. सगळं हळू आवाजात चालतं, रडायलासुद्धा संकोच वाटतो. नंतर त्यांनी अस्थी दिल्या त्या प्लास्टिकच्या बरणीत, फिरकीचं झाकण असलेल्या. व्यायामशाळेतली पोरं पावडर आणतात ना, तसली. वहिनी त्या बरणीकडे बघत बसल्या. मी म्हटलं, वहिनी, हे बरं दिसत नाही, अण्णाला अण्णाच्या डब्यात ठेवू या. त्यांनी मान हलवली. मला ती 'हो' वाटली. ती नुसती मान होती.

मी कागदपत्रांच्या मागे लागलो आणि त्यातच ठरवून टाकलं. अण्णाच्या अस्थी कावेरीत सोडायच्या, श्रीरंगपट्टणला, आणि बंगळूरपर्यंत अण्णा बिझनेस क्लासनं जाणार. एफडी मोडली. शैलाला फोनवर सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "मोडा."

निघायच्या दिवशी मी आतल्या खोलीत बॅग भरत होतो. वहिनी माझा डबा घेऊन आल्या. झाकण चिकटपट्टीनं घट्ट बंद केलेलं. माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "भावजी, हे तुमच्या डब्यात आहेत. नीट न्या." आणि पदर डोळ्यांना लावून बाहेर गेल्या.

मला काय वाटलं? बदाम! अण्णा दर वेळी येताना शैलासाठी बदाम आणायचा. त्यात आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. एवढ्या दुःखातही वहिनींनी रीत सोडली नाही म्हणून मला भरून आलं. डबा जडही लागला. म्हटलं, वहिनींनी हात अगदी सैल सोडलाय. तो डबा मी मोठ्या बॅगेत तळाला ठेवला, वर दोन स्वेटर आणि न धुतलेले कपडे.

मग स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर 'चि. वसंत' डबा होताच. दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला, शालीत गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवला. अस्थींचा दाखला वरच्या खिशात.

विमानतळावर तपासणीवाल्यानं पिशवी अडवली. यंत्राच्या पडद्यावर डबाभर पावडर दिसत होती. मी दाखला पुढे केला. त्यानं तो वाचला, डब्याला बाहेरूनच एक कागदी पट्टी फिरवून ती यंत्रात घातली आणि डबा न उघडता माझ्या हातात परत दिला. देताना मान खाली घातली हो त्यानं. परक्या देशातल्या माणसाला समजलं, म्हणून मला गहिवरून आलं.

विमानात गेलो. अहो, ती खुर्ची म्हणावी की खोली? शेजारची सीट रिकामीच होती. पण एअर होस्टेस म्हणाली, पिशवी वरच्या कप्प्यात ठेवावी लागेल. मी म्हटलं, नाही जमणार, हा माझा थोरला भाऊ आहे. आधी ती हसली, मग दाखला वाचला, मग तिच्या वरच्या बाईंना घेऊन आली. दोघी हळू आवाजात बोलल्या आणि बाईंनी स्वतः डबा शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा बांधला. 'चि. वसंत' समोर, सरळ.

पलीकडे बंगळूरजवळच्या होसकोट्याचे एक कारखानदार बसले होते. ते वाकून हळूच म्हणाले, "यारु सार?" कोण आहेत म्हणून.

"नम्म अण्णा," मी म्हटलं. आमचा अण्णा.

अण्णा म्हणजे थोरला भाऊ हे कानडी माणसाला वेगळं सांगायला नको. ते उठले, बूट काढले, डब्याला नमस्कार केला. मग त्यांच्या मिसेसनी केला. मग मागच्या रांगेतून आणखी कोणी आलं. मी आपला प्रत्येकाला अण्णाचे पाय किती लांब होते ते सांगतोय आणि लोक ऐकतायत.

गरम टॉवेल आला. तो घेऊन मी अण्णाला पुसलं, झाकण, कड्या, सगळं. आईनं मुंजीच्या दिवशी त्याचं अंग पुसलं होतं तसं. जेवणाची वेळ झाली तेव्हा त्या मुलीनं न सांगता दोन ट्रे आणले, दुसरा डब्यासमोर ठेवला. होसकोटेवाल्यांनी आपल्या ट्रेवरचं फूल उचलून झाकणावर ठेवलं. सुतकात मी जेवणावर काही बोलू नये, पण सूप बरं होतं.

आणि मग दिवे मंद झाले. मुलीनं विचारलं, बेड करू का? मी म्हटलं, माझा राहू दे, आधी त्याचा कर. तिनं बटण दाबलं. सीट आडवी होत गेली, होत गेली, सपाट झाली. वर गादी, पांढरी चादर, पांघरूण. मी डबा उशीवर ठेवला, पांघरूण नीट केलं आणि म्हटलं, "अण्णा, पसर आता. पाय पसर."

रडलो मी. इतके दिवस कागदांच्या नादात रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं तिथे रडलो. प्रवासभर जागून त्याच्याशी बोलत बसायचं ठरवलं होतं. माझी सीट आडवी केली, जरा पाठ टेकली, आणि थेट बंगळूर! मी जन्मात इतका झोपलो नव्हतो. माझं घोरणं ऐकून होसकोटेवाले दोनदा उठले, हे त्यांनीच उतरताना सांगितलं.

अस्थी घरात आणत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच. पिशवी मी आमच्या सोसायटीच्या आवारातल्या झाडाला टांगली. वॉचमनला स्वल्प लक्ष ठेव म्हटलं, तर त्यानं खुर्ची उचलून लांब नेली. मोठी बॅग वर घरात आली. बदामांचा डबा शैलानं फडताळात ठेवला, मिक्सरच्या मागे. सुतक फिटल्यावर उघडू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच टॅक्सीनं श्रीरंगपट्टणला गेलो. संगमावर भटजी ठरवलेले होते. कावेरीला पाणी बरं होतं. मी ओल्या पंचानं पायरीवर बसलो, भटजींनी मंत्र म्हटले, संकल्प झाला, आणि मी कडी काढून झाकण उघडलं.

भाजलेल्या धन्याजिऱ्यांचा घमघमाट!

भटजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. पुढे वाकले, वास घेतला, चिमटीत घेऊन बोटांवर चोळलं. माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "सार, इदु हिट्टु." हे पीठ आहे.

मला ते कळायला वेळ लागला. म्हणजे पीठ आहे हे दिसत होतं. अण्णा कुठे आहे ते दिसत नव्हतं. इंग्लंडहून आणलेला भाऊ, सर्टिफिकेटसकट, मी हरवला होता. तसाच ओल्या अंगानं इंग्लंडला फोन लावला. तिकडे पहाट होती, पण वहिनी जाग्याच होत्या.

"वहिनी, अण्णा कुठे आहे?"

त्या अगदी हळू, वेड लागलेल्या माणसाशी बोलतात तसं म्हणाल्या, "भावजी, मी सांगितलं होतं ना. हे तुमच्या डब्यात आहेत."

हे!

अहो, लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, वहिनींनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. इंग्लंडातसुद्धा नाही, तिथल्या डॉक्टरांसमोरसुद्धा नाही. आयुष्यभर अण्णा त्यांचे 'हे'. हे आले, हे जेवले, हे झोपले. आणि मी शहाणा, मला त्या 'हे'त बदाम दिसले!

मग सगळं उलगडलं. मी पोचलो त्याच दिवशी त्यांनी भाजणी अण्णाच्या डब्यात काढून ठेवली होती, त्याला बरं वाटलं की रोज करून घालता येईल म्हणून. रिकामा झाला होता तो माझा डबा. "तुमचा डबा रिकामा कसा देऊ?" त्या म्हणाल्या. "आणि ह्यांना तुमच्याबरोबरच जायचं होतं." मग म्हणाल्या, "भाजणीचा डबा मी कालपासून शोधतेय. ह्यांच्या नावानं एक थालीपीठ लावणार होते."

शैलाला फोन केला. फडताळातला डबा उघडलास का, विचारलं. नाही म्हणाली. मग सांगितलं. सासरी आल्यापासून ती थोरल्या दिरासमोर कधी मोठ्यानं बोललेली नाही. ती म्हणाली, "अहो, सकाळी तुम्ही निघाल्यावर ओट्याशी उभी राहून मी तुम्हाला काय काय बोलले. सगळं अण्णांनी ऐकलं."

ती टॅक्सी करून आली. डबा मांडीवर, पदराखाली, सबंध रस्ता. भटजी थांबले होते. मी हात जोडले तर म्हणाले, परवागिल्ल सार, हरकत नाही, नदी कुठे जातेय. 'चि. मधुकर' लिहिलेलं झाकण उघडलं. आत अण्णा होता, करडा, बारीक, डबाभरच. स्वेटरांचा वास लागलेला. उन्हं कलताना तो पाण्यात गेला आणि सरळ वाहत लांब गेला. शैला माझा दंड धरून उभी होती.

घरी आल्यावर वहिनींना फोन केला. सगळं नीट झालं म्हणून सांगितलं. त्यांनी सगळं विचारून घेतलं, पाणी किती होतं, ऊन होतं का. मग हळूच विचारलं, "विमानात तो डबा कुठे ठेवला होता, भावजी? ह्यांचा?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण सांगितलं. खाली, सामानात. बॅगेच्या तळाला.

"म्हणजे हे परत दुमडूनच आले."

"हो, वहिनी."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. रडतायत की हसतायत, मला कळेना.

"मग पाय पसरून आलं तरी कोण?"

"मी," म्हणालो. "मी, आणि भाजणी."