शेजारच्या डिशमधले तंतू

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत माझं आणि तिचं टेबल शेजारीशेजारी होतं, आणि तेच वाईट झालं. ती लांब बसत असती तर तिच्या डिशमध्ये काय वाढतंय ते मला रोज दिसलं नसतं.

काम दोघींचं एकच. चेतापेशींना लोखंडाचे अतिसूक्ष्म चुंबकीय कण पाजायचे आणि डिशच्या एका कडेला चुंबक ठेवायचा, म्हणजे पेशींचे तंतू त्याच्या दिशेने वाढू लागतात. अपघातात तुटलेली नस पुढेमागे अशी जोडता यावी, यासाठी हा सगळा खटाटोप. पुढच्या वर्षापासून प्रकल्पात एकीलाच जागा होती, आणि तिचे तंतू विंचरलेल्या केसांसारखे एका दिशेने जायचे. माझे वाट फुटेल तिकडे.

मी शिवाजी पार्कची, घरात दोन पिढ्या डॉक्टर. ती लालबागच्या चाळीतली. डब्यात सुकटीची चटणी आणायची आणि चुंबक स्पिरिटच्या बोळ्याने पुसून तसाच ठेवायची. मी माझा दर वेळी ऑटोक्लेव्हच्या कडक वाफेत शुद्ध करून घ्यायचे. तरी यश तिला. सर तिच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ‘वा’ म्हणाले, की माझ्या पोटात खरोखरच दुखायचं. तिच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. मी मनात म्हणायचे, देवही आंधळाच.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, इन्क्युबेटरला झेंडूची माळ. त्या वर्षी कुणीतरी आमचे चुंबकही ताटात ठेवले. ते एकमेकांना चिकटून बसले. पूजा झाल्यावर आम्ही ते ओढून सोडवले, सुट्टीच्या घाईत मीही नुसतेच पुसले आणि एकेक उचलून आपापल्या डिशशी ठेवला. दिसायला दोन्ही सारखेच.

सुट्टीनंतर पाहिलं तर माझे तंतू सरळ निघालेले आणि तिचे भरकटलेले. मला इतका आनंद झाला, की तिला चहासुद्धा मीच पाजला.

तिने चहाचा कप बाजूला ठेवला. तिने दोन्ही चुंबक टाचण्यांच्या डबीजवळ धरले. माझ्या डिशजवळच्याला झुबका लटकला, तिच्याकडच्याला जेमतेम दोनतीन टाचण्या. अदलाबदल झाली होती. माझ्या वाफेच्या उष्णतेने माझ्या चुंबकाचा जोर कधीच घालवला होता, आणि सोवळ्याच्या तोऱ्यात मला ते सुचलंही नव्हतं.

तिने आपला चुंबक गुपचूप परत घेतला असता तरी कुणाला कळलं नसतं. पण ती मला हाताला धरून सरांकडे घेऊन गेली.

“सर, हिचा हात चांगलाय. चुंबकच मेलेला. दोघींना सेम नवे द्या, मग ठरवा.”

नवे चुंबक आले. दोघींचे तंतू सरळ गेले, तिचे जरा जास्तच सरळ. जागा तिला मिळाली. आधी मला निदान नशिबाला नाहीतर सरांना बोल लावता येत होता. आता तीही सोय राहिली नाही.

पेढे घेऊन ती सगळ्यांत आधी माझ्याकडे आली. मी हसून पेढा घेतला आणि मनात म्हटलं, मेली नीट जळूही देत नाही.