ढोलकीचा डबा

साठच्या दशकात अमरावतीत माझ्यासारखी ढोलकी वाजवणारा दुसरा कोणी नाही, असं एका माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस मी. आमच्या गाण्याच्या पार्टीत मास्तर गायचे, त्यांचा भाऊ पेटी वाजवायचा आणि टाळ्या पडायच्या त्या मात्र माझ्यासाठी, अशी माझी समजूत.

असा हा कलावंत बडनेऱ्याच्या रस्त्यावर सायकलवरून आपटला आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. अकोल्याचा कार्यक्रम तोंडावर आलेला. मास्तर चांदूर बाजारहून दुसरा ढोलकीवाला आणणार असं कानावर आलं आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. तो एकदा माझ्या जागेवर बसला की उठतो कशाला?

माझा एक मित्र लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा. त्याच्याकडे टेपरेकॉर्डर होता. मागे एकदा त्याच्या खनपटीला बसून मी माझा एकट्याचा रियाज टेप करून घेतला होता. स्वतःवरच खूश व्हायला, दुसरं काय! त्यातला केरवा तालाचा एक झकास तुकडा आम्ही ब्लेडने कापला, टोकाला टोक चिकटवलं आणि ती लांबलचक फीत सोड्याच्या बाटलीला वळसा देऊन गोल फिरवली. बटण दाबलं की ढोलकी सुरू, थांबायचं नाव नाही.

मित्राने नाक मुरडलं. पिठाच्या गिरणीसारखं वाजतंय, म्हणाला, माणूस वाटत नाही. मग मी इरेला पेटलो. डाव्या हाताने कापाकापी करून एक थाप केसभर उशिरा आणली, दुसरीकडची एक दबकी थाप मध्ये जोडली, माझं ते खास "हां!" सुद्धा चिकटवलं. माणसाच्या हातून होतात त्या सगळ्या बारीक चुका हौसेने घातल्या. माझी स्वतःची तेवढी राहिली, कारण ती मला माहीतच नव्हती.

टेपच्या ठेक्यावर गायला मास्तर आधी नकोच म्हणत होते. मी फारच गयावया केली तेव्हा कुठे तयार झाले. अकोल्यात मी स्टेजवर टेपरेकॉर्डरच्या त्या डब्याशेजारी ऐटीत बसलो, "हां!" आलं की मान डोलवत. आमची गाणी सगळी केरव्यातलीच, त्यामुळे अडलं काही नाही. मास्तर चक्क डोळे मिटून गायले. असं गाताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी पाठीवर हात ठेवला. "आज पह्यल्यांदा तुही ढोलकी पयाली नाही. टाया पडल्या का तू सुटतं, अन् मी इतके वर्सं तुह्यामांगं धावून राह्यलो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण चांदूर बाजारवाला टळला होता, माझी जागा शाबूत होती, त्यावर मी समाधान मानलं.

प्लॅस्टर निघालं त्याच संध्याकाळी ढोलकी कसून मी मास्तरांच्या घरी तालमीला गेलो. आता मेलो तरी पळणार नाही, असं मनाशी घोकत माझ्या जागेवर बसलो. मास्तरांनी हात उलटसुलट करून बघितला, दुखतो का म्हणून मायेने विचारलं. मग माझ्या मागे दाराकडे नजर टाकली.

"काहून रे, डबा नाही आनला?"

मी ढोलकी भिंतीला टेकवली आणि मित्राकडे जायला सायकल काढली.